डाव्या हाती स्वर, उजव्या हाती व्यंजने

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला २००६ साली स्वतःचा संगणक मिळाला. चार प्राध्यापकांत एक यंत्र. त्यामुळे प्रश्नपत्रिका, अहवाल, स्मरणिकेचे लेख असे सारे त्याच्यावरच होई. काम संपवून उठताना मी कळफलक मराठीवरच ठेवून उठले, की पाठोपाठ बसणाऱ्याची फजिती ठरलेली. एकदा एक ज्येष्ठ सहकारी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्या या यंत्रात काहीतरी आहे बघा. ‘के’ दाबला तर ‘क’ आला. म्हटलं, चला, जमलं. मग ‘एम’ दाबला तर ‘स’! ‘एल’ दाबला तर ‘त’! याला काही नियम आहे की नाही?’’

नियम होता. चांगला काटेकोर नियम होता आणि तो सरांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होता, कारण व्याकरणाचा पेपर तेच शिकवीत. पण त्यांना पंधरा मिनिटांत बैठकीची सूचना लावायची होती. मी मुकाट्याने यंत्र त्यांच्या सवयीच्या रोमन मांडणीवर आणून दिले. तेव्हापासून आजपर्यंत विभागातली तीन यंत्रे बदलली, सर निवृत्त झाले, नवे सहकारी आले. पण ‘इन्स्क्रिप्ट’ या नावाच्या त्या मांडणीवर लिहिणारी विभागात मी एकटीच राहिले आहे. याची मला खंत वाटत नाही. उलट, खरे सांगायचे तर थोडी मजाच वाटते. ही मजा नेमकी कशाची, हा प्रश्न मात्र मला बरीच वर्षे पडलेला आहे. आपण निवडलेली वस्तू अधिक चांगली आहे म्हणून ती आवडते, की ती इतरांनी निवडलेली नाही म्हणून? पहिले उत्तर प्रतिष्ठेचे आहे, दुसरे जरा लाजिरवाणे. आणि आपण सारे साहजिकच पहिले उत्तर देतो.

या प्रश्नाची शहानिशा करायला कळफलकाच्या इतिहासासारखे दुसरे क्षेत्र नाही. इथे बहुमत इतके प्रचंड आहे, की अल्पमतातला माणूस झाकून राहत नाही. त्यातले सर्वांत गाजलेले अल्पमत अमेरिकेतले आहे, तेव्हा तिथूनच आरंभ करणे सोयीचे.

मिलवॉकी शहरातला एक मुद्रक आणि वृत्तपत्र-संपादक ख्रिस्तोफर लेथम शोल्स याने आपल्या दोन साथीदारांसह १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट मिळवले. पुढची पाच वर्षे तो यंत्र मोडीत आणि पुन्हा बांधीत राहिला. १८७३ साली बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ साली यंत्र बाजारात आले. त्यावर फक्त मोठी रोमन अक्षरे उमटत. शिवाय अक्षर रुळाच्या खालच्या बाजूने कागदावर आपटत असल्याने लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत ते लगेच दिसतच नसे. लहान-मोठ्या अक्षरांची सोय करणारी शिफ्टची कळ १८७८च्या सुधारित यंत्रात आली. त्या यंत्रावर वरच्या ओळीत डावीकडून क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय अशी अक्षरे होती. आज ज्या मांडणीला जग ‘क्वर्टी’ म्हणते ती हीच.

ही अक्षरे अशीच का मांडली, याची एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते : शेजारच्या कळा पटापट दाबल्या तर यंत्राचे दांडे एकमेकांत अडकत, म्हणून शोल्सने टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी केला. गोष्ट ऐकायला छान आहे. पण वेग कमी करण्याचा हेतू होता असे दाखवणारा ठोस पुरावा नाही. क्योतो विद्यापीठातील दोन संशोधकांनी तर २०११ साली असे मांडले, की मांडणीवर खरा प्रभाव पडला तो मोर्सच्या संकेतांतून आलेले संदेश उतरवून घेणाऱ्या तारवाल्यांच्या गरजांचा. ते काही असो. १८८८च्या जुलैमध्ये सिनसिनाटी येथे फ्रँक मॅकगरिन या टंकलेखकाने कळांकडे न पाहता, दहाही बोटे वापरून, दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर लिहिणाऱ्या लुई टाउब याला जाहीर स्पर्धेत हरवले. मॅकगरिनचे यंत्र रेमिंग्टनचे होते. जिंकली ती खरे तर त्याची पद्धत. पण लोकांच्या लेखी जिंकले यंत्र, आणि यंत्रासोबत त्याच्यावरची मांडणीही.

आता अल्पमताचा नायक. ऑगस्ट ड्वोरॅक हे सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. विल्यम डीली या आपल्या मेहुण्यांच्या साहाय्याने त्यांनी बोटांच्या हालचालींचा आणि इंग्रजीतल्या अक्षरांच्या वारंवारतेचा काही वर्षे अभ्यास केला. १९३६ साली त्यांना नव्या मांडणीचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी टंकलेखनाच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा सहकाऱ्यांसमवेत लिहिलेला जाडजूड ग्रंथही निघाला. मांडणीचे तत्त्व सोपे होते. जी अक्षरे सर्वाधिक लागतात ती मधल्या ओळीत, म्हणजे जिथे बोटे मुळातच विसावलेली असतात तिथे, ठेवायची. आणि दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळेल असे पाहायचे. त्यासाठी त्यांनी पाचही स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली घेतले आणि सर्वाधिक लागणारी व्यंजने उजव्या हाताखाली. इंग्रजी शब्दात स्वर आणि व्यंजन बहुधा एकाआड एक येतात, त्यामुळे हातही एकाआड एक चालतात. क्वर्टीवर मधल्या ओळीत सुमारे एक तृतीयांश काम होते. ड्वोरॅक यांच्या मांडणीवर सुमारे ७० टक्के.

१९३०च्या दशकात व्यापारी शाळांच्या स्पर्धांत या मांडणीवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पारितोषिके मिळवली. दुसऱ्या महायुद्धात ड्वोरॅक नौदलात अधिकारी होते. १९४४ साली नौदलाने केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष नव्या मांडणीला फारच अनुकूल निघाला. आणि तरीही काहीच घडले नाही. १९५६ साली अमेरिकी शासनासाठी अर्ल स्ट्राँग यांनी पुन्हा चाचणी घेतली. दहा टंकलेखकांना नवी मांडणी शिकवली गेली आणि तितक्याच जणांना जुन्याच मांडणीवर अधिक सराव दिला गेला. नव्या मांडणीवर पूर्वीचा वेग गाठायलाच पहिल्या गटाचा महिन्याच्या आसपास गेला आणि पुढे दुसऱ्या गटानेच अधिक प्रगती केली. शासनाने विषय बंद केला. ड्वोरॅक १९७५ साली वारले. १९८२ साली त्यांच्या मांडणीला अमेरिकेच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. १९८४च्या ‘ॲपल टू-सी’ या संगणकावर एक खटका दाबून मांडणी बदलण्याची सोय होती. आज बहुतेक प्रत्येक संगणकात ती मांडणी कुठेतरी आत असते आणि तिचे मोजके निष्ठावंत ती शोधून काढतात.

या निष्ठावंतांना १९८५ साली एक अनपेक्षित वकील लाभला. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रीय इतिहासकाराने एका छोट्या लेखात क्वर्टीचे उदाहरण घेऊन असे दाखवू पाहिले, की बाजारात नेहमी उत्तम वस्तूच टिकते असे नाही. आरंभीच्या काही किरकोळ योगायोगांमुळे एखादी कमअस्सल वस्तूही कायमची गादीवर बसू शकते, कारण यंत्रे तिच्यासाठी बनतात, माणसे तिच्यावर शिकतात आणि बदलाचा खर्च रोज वाढत जातो. अल्पमतवाल्यांसाठी यापरते सांत्वन कोणते? आपण हरलो ते आपली वस्तू हीन होती म्हणून नव्हे, तर इतिहासाच्या अपघाताने!

पाच वर्षांनी, १९९० साली, लीबोविट्झ आणि मार्गोलिस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हे सांत्वन बरेचसे हिरावून घेतले. त्यांनी जुने अहवाल उकरून काढले. नौदलाच्या चाचण्यांतील दोन्ही गटांची तुलना सदोष होती; शिवाय टंकयंत्राच्या प्रश्नात नौदलाचे तज्ज्ञ म्हणून ज्यांचा शब्द चाले ते अधिकारी होते स्वतः लेफ्टनंट कमांडर ड्वोरॅक. अर्थात स्ट्राँग यांच्या चाचणीवरही आक्षेप घेतले गेले आहेत आणि हा वाद पूर्ण मिटलेला नाही. मधल्या ओळीतले ते ७० टक्के खरेच आहेत. बोटांचा प्रवास कमी होतो यातही शंका नाही. पण त्यातून वेगाची प्रचंड वाढ होते, हा दावा मात्र टिकत नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम विस्ताराने सांगितला, कारण साहित्याच्या अभ्यासकांना त्यात ओळखीचे काहीतरी सापडेल. आपल्याकडे ‘उपेक्षित’ हे विशेषण समीक्षेत बरेच वजनदार आहे. एखादा लेखक उपेक्षित राहिला, एवढ्या भांडवलावर तो थोर होता असे सिद्ध करणारे शोधनिबंध आपण सर्वांनी वाचले आहेत, आणि काहींनी लिहिलेही आहेत. मीही एक लिहिला आहे. लोकप्रिय ते सामान्य, हे गृहीत धरले की अलोकप्रिय ते असामान्य हे ओघानेच येते. तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही विधाने सारखीच लंगडी आहेत. आवडीला गुणवत्तेचे प्रमाणपत्र जोडण्याची घाई आपण करतो, आणि मग प्रमाणपत्र खोटे ठरले की आवडही खोटी ठरल्यासारखे वाटते. ड्वोरॅक यांच्या निष्ठावंतांचे मात्र तसे झाले नाही. १९९० नंतरही ते त्याच मांडणीवर लिहीत राहिले. म्हणजे त्यांना तिथे धरून ठेवणारी गोष्ट वेग ही नव्हती.

आता मराठीकडे यायचे. स्वर डाव्या हाती आणि व्यंजने उजव्या हाती, हे ड्वोरॅक यांच्या पेटंटातले तत्त्व बरोबर ५० वर्षांनी, १९८६ साली, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या कागदपत्रांत भेटते. पण त्याआधी देवनागरी टंकयंत्राबद्दल चार शब्द सांगायला हवेत.

रोमन लिपीची २६ अक्षरे मावावीत एवढ्या कळांवर देवनागरी बसवणे ही कसरतच होती. स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरांचे रान. टंकयंत्रवाल्यांनी यातून काढलेला मार्ग अक्षराचे तुकडे करण्याचा होता : दंड वेगळा, दंडाशिवायचे अर्धे अक्षर वेगळे, आणि दोन्ही ठोकून एक पूर्ण अक्षर. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी ठोकायची. थोडक्यात, कान नव्हे तर डोळा प्रमाण. लिपीच यंत्राजोगी करावी अशाही सूचना झाल्या. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अि, अी, अु, अू’ ही अ-कारावरची बाराखडी त्यांच्या पुस्तकांत आणि काही काळ काही नियतकालिकांत दिसत असे. १९५३च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उचलून उजवीकडे नेण्याची शिफारस केली होती. ती रुजली नाही आणि मागे घ्यावी लागली. अल्पमताच्या इतिहासात या दोन्हींना मानाची जागा द्यायला हवी. माझ्या आजोबांच्या पिढीतले एक गृहस्थ अखेरपर्यंत पत्रात ‘अिकडील सर्व क्षेम’ असेच लिहीत. त्यांना कुणी हसले तर त्यांचा चेहरा किंचित उजळत असे.

१९७०च्या दशकापासून कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांसाठी संगणकाचे काम चालू होते. १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात त्याचा एक नमुना दाखवण्यात आला. हेच काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले. १९८६चा कळफलक १९८८मध्ये सुधारला गेला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने अक्षरसंकेतांसोबत त्यालाही मानकाचा दर्जा दिला. टंकयंत्राच्या आणि या मांडणीच्या विचारात मूलभूत फरक आहे. इथे अक्षराचे तुकडे नाहीत. ‘कि’ लिहायचे तर आधी क, मग वेलांटी. म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन बसवणे हे यंत्राचे काम. जोडाक्षर हवे तर पहिल्या व्यंजनाचा पाय मोडायचा आणि पुढचे व्यंजन लिहायचे. आपण मुलांना फोड करून शिकवतो, तसेच. पाय मोडण्याची ही कळ डाव्या मधल्या बोटाखाली, म्हणजे अगदी मोक्याच्या जागी आहे.

खरी गंमत पुढेच आहे, आणि इथे जरा रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. उजवा हात मधल्या ओळीवर ठेवा. तर्जनीच्या वाट्याला दोन कळा येतात, प आणि र. मधल्या बोटाखाली क, अनामिकेखाली त, करंगळीखाली च आणि तिच्याच बाजूला ट. पाच वर्गांची पाच पहिली अक्षरे एका ओळीत, सगळी कठोर आणि अल्पप्राण. आता प्रत्येक बोट एक घर वर न्या. प च्या वर ब, क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड. म्हणजे बोट वर गेले की कठोर वर्ण मृदू होतो. शिफ्ट दाबून ठेवा, की तीच कळ महाप्राण देते : क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. डाव्या हाताला मधल्या ओळीत ऱ्हस्व इकार-उकार आणि त्यांच्या बरोबर वर दीर्घ. एक मात्रा खाली, दोन मात्रा वर. शिफ्ट दाबली की काना-मात्रांच्या जागी तेच स्वर सुटे उभे राहतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आपण वर्णविचार शिकवताना फळ्यावर जो तक्ता काढतो, तो इथे बोटांखाली अंथरलेला आहे.

हे मी आधी वाचून समजून घेतले होते असे नाही. दोन आठवडे ‘कमल पटकन चल’ छापाची निरर्थक वाक्ये गिरवल्यावर एका दुपारी माझ्या लक्षात आले, की ‘कटकट’ लिहिताना जी दोन बोटे चालतात तीच एक ओळ वर नेली तर ‘गडगड’ उमटते. मग मी ‘टपटप’ लिहिले आणि बोटे वर नेली. पडद्यावर आले ‘डबडब’. थेंब टपटप पडतात आणि डोळे डबडबतात. मराठी बोलणाऱ्याच्या कानाने कधीतरी कठोराला मृदू करून घेतले आणि पडणाऱ्या पाण्याचे साचणारे पाणी झाले, हे मी ध्वन्यनुकारी शब्दांवर दहा वेळा व्याख्यान देऊनही कधी ‘पाहिले’ नव्हते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे कितपत टिकेल, हे भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे. माझा दावा तेवढा मोठा नाही. पण त्या दुपारी मी तासभर नुसते असे शब्द लिहीत बसले होते आणि विभागाचा अहवाल तसाच राहिला.

एवढ्या विचारपूर्वक केलेली, सरकारने मानलेली आणि पुढे बहुतेक यंत्रांत आपोआप मिळू लागलेली मांडणी अल्पमतात का राहिली? ड्वोरॅक यांची मांडणी निदान बंडखोर तरी होती. ही तर राजमान्य असून अप्रिय. कारणे अनेक आहेत आणि त्यांत कुणाचा कट नाही. शासनमान्य संस्थांतून शिकलेल्या हजारो टंकलेखकांची बोटे टंकयंत्राच्या मांडणीवर घडलेली होती. ३० शब्दांची परीक्षा देऊन नोकरी मिळवलेल्या माणसाने नवे का शिकावे? छापखान्यांत आणि वृत्तपत्रांत ज्याच्या-त्याच्या खाजगी टंकांचे राज्य होते आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर नेला तर चिन्हांचा चिखल होई. युनिकोड आल्यावर तो चिखल ओसरला. पण तोवर घराघरांत संगणक आले होते, त्यांच्या कळांवर फक्त रोमन अक्षरे छापलेली होती, आणि रोमनमध्ये उच्चार लिहिला की देवनागरी उमटवून देणारी साधने फुकट मिळू लागली होती. तिथे शिकण्यासारखे काहीच नव्हते. २०१७ साली मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय झाली आणि बोटांचाच प्रश्न उरला नाही.

मांडणीतही दोष आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. अनुनासिकांची पांगापांग झालेली आहे. ङ आणि ञ कुठे सापडतील हे मला अजूनही आठवावे लागते. मूळ आराखडा हिंदीकडे पाहून केलेला असल्याने मराठीची परवड झाली. ‘ॲ’ हे आपले अक्षर युनिकोडमध्येच २००८ साली दाखल झाले. तोवर ‘ऍ’ वर भागवावे लागे आणि प्रूफे तपासणारे माझ्यावर रागावत. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला भेद करणारा आपला अर्धा र ज्या ‘ऱ’ पासून मिळतो, तो युनिकोडच्या तक्त्यात मुळात द्राविडी भाषांतल्या एका वर्णाच्या लिप्यंतरासाठी नोंदलेला आहे. मराठीचा ‘वाऱ्यावरचा’ र असा पाहुण्याच्या घरात राहतो. याउलट एक लाभ अनपेक्षित आहे. ही मांडणी सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना सामाईक असल्याने जिथे मराठीचा क, तिथेच कानडीचा, गुजरातीचा आणि बंगालीचाही. देवनागरी कोकणी लिहिणाऱ्या गोव्यातल्या लेखकाला तर वेगळे काही शिकावेच लागत नाही. माझ्या बेळगावच्या एका मैत्रिणीने कानडी लिपी वाचायला शिकल्यावर पहिल्याच दिवशी कानडीत पत्र लिहिले. बोटांना ती आधीच येत होती.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. माझा वेग रोमनमधून लिहिणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांपेक्षा अधिक आहे का? नाही. आम्ही एकदा घड्याळ लावून पाहिले आणि मी हरले. चुका कमी होतात का? ळ-ल आणि ण-न यांच्या बाबतीत होतात असे मला वाटते, कारण रोमनमध्ये ‘एल’ लिहिल्यावर यंत्र पर्याय पुढे करते आणि घाईत ‘काळ’चा ‘काल’ राहून जातो. विद्यार्थ्यांच्या गृहपाठांत ‘बाल’ आणि ‘बाळ’ यांची सरमिसळ मी अलीकडे पूर्वीपेक्षा अधिक पाहते. मात्र याचा सर्व दोष कळफलकावर टाकणे हा नौदलाच्या चाचणीसारखाच प्रकार होईल : परीक्षकही मी आणि पक्षकारही मी.

मी जे मोजू शकत नाही, ते मात्र माझ्यापुरते खरे आहे. रोमनमधून मराठी लिहिताना, आधी मराठी शब्द मनात येतो, मग त्याचे इंग्रजी स्पेलिंग, मग पडद्यावरचा मराठी शब्द. मधे एक दुभाषा उभा असतो. पहिल्यांदा तो नाहीसा झाला तेव्हा मला दचकायला झाले होते. ‘स्वातंत्र्य’ लिहिताना पाच वेळा पाय मोडावा लागत नाही, तीनदाच लागतो, हे बोटांनी मोजून कळते. शब्द किती व्यंजनांचा आहे, त्यात श्वास कुठे सुटतो, हे लिहिता-लिहिता जाणवत राहते. हा काही उपयोग म्हणता येणार नाही. याने माझे एकही वाक्य अधिक चांगले झाले असेल असे मला वाटत नाही.

आणि ते लाजिरवाणे दुसरे उत्तर? तेही काही अंशी खरे असावे. पंधरा वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत शेजारी बसलेल्या एका अनोळखी प्राध्यापकांची बोटे माझ्यासारखीच चालताना दिसली, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. परगावी आपल्या बोलीतला माणूस भेटावा तसे. दुपारच्या जेवणात आम्ही ‘क्ष’साठी वेगळी कळ वापरावी की क आणि ष जोडावेत यावर अर्धा तास वाद घातला. सगळेच जर इन्स्क्रिप्टवर लिहीत असते, तर हा वाद कुणी घातला असता? रस्त्याच्या कडेने उजव्या बाजूने चालावे की डाव्या, यावर कुणी हौसेने बोलत नाही.

दरवर्षी वर्णविचाराच्या तासाला मी फळ्यावर कळफलकाचे चित्र काढते, कठोर-मृदू दाखवते आणि मुलांना बाकावरच ‘कटकट’ आणि ‘गडगड’ वाजवायला लावते. वर्गात मोठा गोंगाट होतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या इतिहास विभागातून तक्रार आली, तेव्हापासून हा तास मी शेवटच्या घड्याळी तासिकेला घेते. आतापर्यंत तीन विद्यार्थी ती मांडणी प्रत्यक्ष शिकले. त्यांतल्या एकीने पुढे सोडून दिली. तिला नोकरीत घाईचे काम असते. दुसरा अनुवाद करतो. तिसरीचा मागच्या दिवाळीत निरोप आला होता, की मॅडम, ‘खळखळ’ लिहिताना दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागते, म्हणून मी ती कळ दाबूनच ठेवते आणि बोटे नुसती वाहतात.